स्त्री अभ्यासात एम. ए. करायचंय? आधी नोकरीची जाहिरात वाचा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली शहाद्यापासून रावेरपर्यंतच्या पोरींचा एकच प्रश्न आहे. "ताई, हाई शिकीसन काय व्हई?" म्हणजे स्त्री अभ्यास शिकून पुढे काय होणार? म्हणून आज फक्त तेवढंच.

प्रवेशाचं पटकन सांगते. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मुंबईला टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग. एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र तर १९७४ पासूनचं आहे. तारखा त्यांच्या वेबसाइटवर बघा.

आता खरा मुद्दा. कॉलेजचं माहितीपत्रक नंतर वाचा, तुम्हाला हवी त्या नोकरीची जाहिरात आधी वाचा. पगाराची ओळ सोडा, "शैक्षणिक अर्हता" ही ओळ वाचा.

प्राध्यापक व्हायचंय? त्यासाठी नेट ही पात्रता परीक्षा असते, तिला स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. त्याच परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पीएचडी निवांत होते. पण आपल्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत जागा निघते ती समाजशास्त्राची, राज्यशास्त्राची, मराठीची. माझी एक मैत्रीण नेट पास होऊन मुलाखतीला गेली. पहिलाच प्रश्न, "पण तुमचं एम. ए. समाजशास्त्रात कुठंय?" पुढचं कुणी काही विचारलंच नाही. इथंच शिकवायचं असेल तर समाजशास्त्रात एम. ए. करा आणि पीएचडीचा विषय बायकांच्या प्रश्नांवर घ्या.

समुपदेशक व्हायचंय? पुन्हा तीच ओळ. पोलिसांबरोबर काम करणारे महिलांसाठीचे विशेष कक्ष १९८४ ला मुंबईत सुरू झाले, तिथं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागतात. एमएसडब्ल्यू की स्त्री अभ्यास, असं विचारणाऱ्या सगळ्यांना हेच उत्तर.

सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसाचार झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र. त्याच्या जाहिरातीत विधी, समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक शास्त्रं असं लिहिलेलं असतं. "स्त्री अभ्यास" हा शब्द नसला की छाननीत अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून पास होताना विभागाच्या लेटरहेडवर पत्र घ्या, की ही पदवी सामाजिक शास्त्रांतली आहे. गुणपत्रिकेच्या मागेच लावून ठेवा ते. पोरी हे पत्र घेत नाहीत आणि मग मला रात्री अकराला मेसेज करतात!

ही पदवी सरळ उपयोगी पडते ती संस्थांमध्ये, संशोधन प्रकल्पांत, प्रशिक्षणाच्या कामात. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखायच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील त्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि तिच्यात बाहेरची जाणकार व्यक्ती लागते. आपल्या एमआयडीसीत, जिनिंगमध्ये चौकशी करा, समिती कागदावर तरी आहे का ते.

एक दादा दर वेळी लिहितात, "पुरुष अभ्यास का नाही?" दादा, मर्दानगी कशी घडवली जाते, हेही याच अभ्यासक्रमात शिकवतात. या की वर्गात.

आणि विषय शोधायला मुंबईला जायची गरज नाही हो. कापूस वेचणीला जा. कमरेला ओटी बांधून बाई दिवसभर वाकलेली असते, संध्याकाळी बांधावर काटा लागतो, मजुरी किलोवर. बोंडं ओली असली की वजनावरून वाद. घरचंच शेत असेल तर तेवढीही मजुरी नाही, आणि कापसाचा पैसा जातो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना कधीची आहे. तुमच्या गावात किती उताऱ्यांवर बाईचं नाव आहे, तलाठ्याकडे जाऊन मोजा. एम. ए.चा प्रबंध तिथंच उभा राहतो. आणि असं स्वतः मोजून केलेलं काम मुलाखतीत दाखवता येतं, संस्थावाले तेच बघतात.

तर या आठवड्यात एक करा. तुम्हाला हवी त्या पदाची जुनी जाहिरात शोधा, अर्हतेची ओळ जशीच्या तशी कमेंटमध्ये टाका. कोणती पदवी घ्यायची ते त्या ओळीवरूनच बोलू.