होमस्टे आहे, पण मालक कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बडोद्याला चांपानेर-पावागड जवळ, तिकडे केवडियाला सरदारांचा पुतळा आणि आता नवरात्र तोंडावर. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात वरचा मजला रिकामा असलेले बरेच जण होमस्टे काढायचं म्हणताहेत. जरूर काढा. पण केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या योजनेतली एक अट आधी ऐका. मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं. त्याच घरात! खोल्या एक ते सहा, खाटा जास्तीत जास्त बारा, आणि मालक तिथंच. शेजारी किल्ली ठेवून गेलेला मालक हजर धरत नाहीत.

आता ही अट कशासाठी, ते दांडिया बाजारातल्या एका वाड्याचा किस्सा ऐकलात की कळेल. मालक मुलाकडे पुण्याला गेलेले, किल्ली शेजारच्या काकूंकडे. अष्टमीला आठ माणसं उतरली. रात्री गरबा, सकाळी सगळे गाढ झोपेत. नळाला पाणी ठरल्या वेळी येतं, तेव्हा उठून खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे तुम्हाआम्हाला ठाऊक. पाहुण्यांना कोण सांगणार? पाणी आलं आणि गेलं.

दुपारी वरचे नळ कोरडे. पुण्याला फोन. मालक म्हणाले, "जिन्याखालचं बटण दाबा." दाबलं. खालची टाकी रिकामी, त्यामुळे मोटर कोरडीच फिरत राहिली. पंपातलं पाणी बाहेर गळू न देणारं आतलं सील पाण्यानंच थंड राहतं, पाणी नसलं की तापून जातं. जळका वास सुटल्यावर पाहुण्यांनी घाबरून मेन स्विचच पाडला. पंखे बंद, फ्रिज बंद, आणि तो पुन्हा चढवायची कुणाची छाती होईना.

संध्याकाळी काकू देवळातून आल्या. मेन स्विच बंदच राहू दिला. आपल्या टाकीतून पाईप टाकून वाड्याची टाकी अर्धी भरली. पंपाच्या डोक्यावरचा बूच पान्यानं काढला, तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं, काठोकाठ भरल्यावर बूच घट्ट बसवला आणि मगच वीज चालू केली. पाणी चढलं. पण दांड्यापाशी थेंब-थेंब गळायला लागलं, म्हणजे सील गेलंच होतं. काकूंनी पुण्याला फोन लावला, "भाड्यातला अर्धा वाटा पाठवा. घरी हजर मी होते." तेव्हापासून गावाला जायच्या तारखांना त्या वाड्याचं बुकिंग बंद असतं. तुम्हीही तेच करा. लग्नाला जाताय? बुकिंग बंद.

आणि हो, शेव-उसळीच्या या गावात पाहुण्यापुढे नाश्त्याला ब्रेड-बटर ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. असो.

वेळ थोडा उरलाय, म्हणून परदेशी पाहुण्याच्या नोंदीच्या फॉर्मचं, म्हणजे पूर्वीच्या सी-फॉर्मचं, झटपट सांगते. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची. चोवीस तास! त्यासाठी सरकारच्या पोर्टलवर आपल्या घराची नोंदणी आधीच करून ठेवा, पाहुणा आल्यावर धावपळ नको. तो गुजराती बोलतो, आपल्याच पोळातला, गल्लीतला वाटतो, म्हणून सोडू नका. पासपोर्ट परदेशी असला तर फॉर्म भरायचाच. पासपोर्टचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो बॅगा आत नेण्याआधी दारातच घ्या. एकदा गरब्याला गेला की तो पहाटेच सापडतो, आणि तेव्हा त्याला झोपायचं असतं.