रियाजाची खोली आधी, मोठा हॉल मग

नमस्कार मंडळी. मी पुण्यात तबला शिकवते, वीसेक वर्षं झाली, पण आज तबल्यावर नाही, भिंतींवर बोलणार आहे.

झालं असं की आमच्या भागात एक सांस्कृतिक भवन बांधायचं चाललंय आणि त्याचा प्लॅन मला बघायला मिळाला. आठशे खुर्च्या, मोठ्ठी लॉबी, पार्किंग, सगळं आहे. मी आपली बोट फिरवत शोधतेय की वाजवणारी माणसं सरावाला कुठे बसणार, तर एक खोली नाही हो, एकही नाही. म्हणजे कार्यक्रम वर्षातनं एकदा तिथे करायचा आणि बाकीचे सगळे दिवस रियाज घरी, फ्लॅटमध्ये, जिथे खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी साडेसातलाच बेल दाबतात. आणि काकूंचं तरी काय चुकतं, डग्ग्याचा घुमारा स्लॅबमधून सरळ त्यांच्या देवघरात उतरतो.

माझ्याकडे अकरावीतला एक मुलगा येतो. त्याच्या आईनं बेडरूमच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दुकानादुकानातून गोळा करून, चारही भिंती अगदी छतापर्यंत. मी गेले तेव्हा त्या माऊलीच्या बोटांना अजून फेविकॉल होता. आणि मला तिला सांगावं लागलं की ताई, यानं खोलीतला चुरचुरीत आवाज जरा मऊ होतो, पण बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत, शक्यतो दोन भिंती आणि मध्ये मोकळी हवा, दार जड आणि त्याच्याखाली फट नाही, कारण बोटभर फट राहिली की बाकीचा सगळा खर्च पाण्यात. खर्ज, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, तर जमिनीतूनच पळतो, म्हणून जमीनसुद्धा रबरावर तरंगती घालतात, खोलीच्या आत दुसरी खोलीच म्हणा ना. बांधतानाच केलं तर हे जमतं, मागाहून करायला गेलं की फार महाग पडतं आणि एका घराला तर परवडतच नाही. म्हणून तर ते शहरानं सगळ्यांसाठी एकदा बांधायचं असतं.

आता जरा ऐका, मी टाळी वाजवते. (टाळी.) इथे स्टुडिओत ती वाजली आणि जागच्या जागी विझली. हीच टाळी एखाद्या मंगल कार्यालयात वाजवून बघा, गुळगुळीत फरशी, समोरासमोर दोन सपाट भिंती, टाळी मधल्यामध्ये टर्रर्र करत धावत राहते. तिथे तबला वाजवला की धिरधिर नुसतं गढूळ होतं, बोल ऐकूच येत नाहीत. पाश्चात्य ऑर्केस्ट्राला हॉलमध्ये आवाज दोनेक सेकंद रेंगाळलेला आवडतो, व्हायोलिनं एकमेकांत मिसळतात त्यानं. आपल्याला तेवढा नको, तान स्वच्छ कळली पाहिजे. म्हणजे हॉल बांधायच्या आधी, इथे वाजवणार कोण, हे विचारायला हवं, आणि ते त्यांनाच विचारायला हवं.

हे सगळं बोलताना माझ्या डोळ्यासमोर असते पणजीची कला अकादमी. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मांडवी नदीच्या काठावर कांपालला बांधलेली, 1983 ची. गोव्यात चर्चमधलं कॉयर, व्हायोलिन, मांडोची कोकणी गाणी, तियात्र हे कोकणी नाटक एका बाजूला आणि भजन, नाट्यसंगीत, घुमट हे मातीचं वाद्य दुसऱ्या बाजूला, आणि खरं म्हणजे बाजू वगैरे नाहीतच, एकाच वाड्यावर सगळं नांदतं. तिथे दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं सुमारे हजार खुर्च्यांचं नाट्यगृह आहे, बाहेर उघड्यावरचं रंगमंदिर आहे, प्रयोगांसाठी एक छोटं ब्लॅक बॉक्स, म्हणजे साधं, काळ्या भिंतींचं नाट्यगृह आहे. पण मला भावलं ते वेगळंच. भारतीय संगीताचे वर्ग, पाश्चात्य संगीताचे वर्ग, नाटकाची शाळा, हे सगळं त्याच आवारात. आणि रस्त्यावरून आत शिरताना मोठा दरवाजा वगैरे काही नाही, वर पर्गोला, म्हणजे नुसत्या आडव्या तुळयांचं उघडं छत, खाली मोकळी सावली, थेट नदीपर्यंत चालत जा. मी गेले होते तेव्हा, मोठ्या दुरुस्तीच्या आधीची गोष्ट, एक पोर व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसलं होतं, आई यायची वाट बघत, आणि आतून कुणाचा तरी तानपुरा लागत होता. त्या पोराला कुणी तिकीट विचारलं नाही. पुढे दुरुस्ती निघाली तेव्हा तिच्यावरून गोव्यातले कलाकार केवढे पेटून उठले, आठवतंय? आपलं घर असल्यासारखे.

आत हॉलच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे रंगवलेत, त्यात बसलेली माणसंसुद्धा. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करणाऱ्याला पण समोर कुणीतरी आहे असं वाटत असणार, मला तर वाटलंच.

आणि अजून एक, हे मला मनापासून सांगायचंय. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. बरोबरच आहे ते, माणसांना झोपायचं असतं. पण आपल्या पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, 1953 पासूनचा, तो पूर्वी रात्र रात्र चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. तो नियम बंदिस्त सभागृहाला सवलत देतो. म्हणजे आपल्या शहरात आवाज बाहेर न सोडणारं एक चांगलं सभागृह असेल, दोनशे माणसांचं का असेना, तर दरबारी हा रात्रीचा राग रात्री बाराला आणि ललत हा पहाटेचा राग पहाटे गाता येईल. माझ्या विद्यार्थ्यांनी ललत भल्या पहाटे समोर बसून कधी ऐकलेलाच नाहीये, यूट्यूबवर ऐकलाय, दुपारी.

तर प्लॅन करणाऱ्यांना मी पत्र लिहिलंय. सहा खोल्या मागितल्यात, तासाच्या भाड्यानं, सकाळी सहा ते रात्री अकरा, भाडं शाळकरी पोराला झेपेल असं. वाद्यं ठेवायला एक कोरडी खोली, कारण पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं कातडं, ओल धरते, सैल पडते, आणि दर वेळी डग्गा स्कूटरवर पायांमध्ये धरून आणायचा म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. ग्रीन रूम स्टेजला लागून, आणि तिथला एसी स्टेजएवढाच गार, नाहीतर आत लावलेला तबला बाहेर येऊन पाचव्या मिनिटाला उतरतो. आणि लॉबीत बसायला पायऱ्या, नुसत्या पायऱ्या.

उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्या अकरावीतल्या मुलाला घेऊन प्रत्यक्षच जाणार आहे, तबला सोबत घेऊन. नमस्कार.