रॉकेलमधलं ऑलिव्ह

(दृश्य : रेशनचं दुकान. पिंपातून मापानं उपसलेलं निळं रॉकेल नरसाळ्यातून कॅनमध्ये पडतंय.)

निवेदन :
गॅस घरोघरी पोचायच्या आधी या निळ्या रॉकेलसाठी तासन्‌तास रांगा लागायच्या. कानाला हा शब्द खोबरेल, एरंडेलच्या पंगतीतला वाटतो. पण तो आलाय इंग्रजी ‘रॉक ऑइल’वरून. आणि ‘रॉक ऑइल’ म्हणजे ‘पेट्रोलियम’ या लॅटिन जोडशब्दाची सरळसरळ फोड!

(दृश्य : जुन्या लॅटिन ग्रंथाचं छापील पान.)

पेट्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल. मध्ययुगीन लॅटिनमध्ये दोघांची जोडी जमली. इटलीत मोदेना शहराजवळच्या डोंगरात असं तेल आपसूक झिरपायचं आणि लोक ते औषध म्हणून वापरायचे. जर्मन खनिजतज्ज्ञ आग्रिकोला यांच्या १५४६ सालच्या लॅटिन ग्रंथातही हा शब्द भेटतो.

यातला पेट्रा मूळचा ग्रीक. दगडाला लापिस, साक्सुम असे घरचे शब्द असूनही रोमन लोकांनी हा उसना घेतला. सेंट पीटरच्या नावातही हाच खडक आहे.

(दृश्य : ऑलिव्हची बाग. मग तिळाचा घाणा, लाकडी लाटेखालून पाझरणारं तेल.)

खरी गंमत ओलियममध्ये. तोही ग्रीकांकडूनच आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ ऑलिव्हचं तेल. भूमध्य समुद्राकाठी दिव्यात, ताटात, अंगाला तेच. म्हणून पुढे कुठल्याही तेलाला तेच नाव पडलं. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? तिळाचं ते तैल. आज करडईचंही तेल आणि शेंगदाण्याचंही तेल, तिळाची आठवण कुणाला येते! इंग्रजी ‘ऑइल’ हा त्याच ओलियमचा फ्रेंचमार्गे आलेला वंशज. म्हणजे रॉकेलच्या शेपटाला ऑलिव्ह चिकटलेलंच आहे.

‘केरोसीन’चं कूळ निराळं. १८५०च्या दशकातलं हे नाव मेणाच्या ग्रीक शब्दावरून घडवलेलं.

(दृश्य : अरबी समुद्र, तेलविहिरीचा फलाट.)

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली, ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाने मुंबई हाय या तेलक्षेत्रातलं तेल शोधलं. जमिनीखाली तेलाचं तळं असतं, असा पुष्कळांचा समज. इथे तळंबिळं काही नाही. तेल आहे ते समुद्रतळाखालच्या चुनखडीत, तिच्या बारीक छिद्रांमध्ये मुरलेलं. लॅटिन नाव ठेवणाऱ्यांनी विहीर खणलेली नव्हती, तरी खडकाचं तेल हे वर्णन इथे अक्षरशः लागू पडतं.