चुकलेलं उत्तर नीट बघा

नमस्कार श्रोतेहो. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि आज तुमच्याशी शाळेतल्या चाचण्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे पोराला किती मार्क पडले ते नाही, तर त्या चाचणीतनं शाळेला आणि तुम्हाला काय कळायला पाहिजे ते.

एक गणित सांगते, जवळ कागद असेल तर लिहून घ्या. ४०२ वजा १७८. बरोबर उत्तर २२४. तिसरी-चौथीच्या वर्गात हे घातलं की चुकीची दोन उत्तरं बघायला मिळतात, एक ३७६ आणि दुसरं ३३४. मार्क दोघांनाही शून्य. पण ३७६ वाल्यानं काय केलंय बघा, दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, मग सातातून शून्य काढलं, वरचा आकडा कुठला खालचा कुठला हे न बघता मोठ्यातून लहान वजा करत गेला, म्हणजे त्याला दशक सुटा करणं, एका दशकाचे दहा एकक करून घेणं, हेच अजून समजलेलं नाही. ३३४ वाल्याला ते समजलंय, बारातून आठ गेले चार, दहातून सात गेले तीन असं त्यानं केलंय, फक्त हातचा घेतल्यावर शेजारच्या घरातला एक कमी करायचा राहिला. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात देऊन सुरुवातीपासून घ्यावं लागतं, दुसऱ्याचं चार उदाहरणं शेजारी बसून करून घेतली की सुटतं. गुण ऑनलाइन भरायच्या पोर्टलवर मात्र दोघांच्या नावापुढं सारखाच आकडा जातो.

आता आपल्या सोलापूरचं एक वेगळं आहे. साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला किती घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं कन्नड, कुठं उर्दू, आणि यातली बरीच पोरं मराठी शाळेत बसतात. त्यांना पेपरात येतं की पेटीत ४८ आंबे होते, त्यांपैकी १९ नासले, तर चांगले किती उरले? पोरगं लिहितं ६७. आपण म्हणतो वजाबाकी कच्ची. तेच गणित तोंडी, नासले म्हणजे खराब झाले, फेकून दिले असं सांगून विचारा, २९ पटकन सांगतं की ओ! म्हणजे गणित येत होतं, शब्द अडला होता. अशा पोराला वजाबाकीच्या जादा तासाला बसवलं तर त्याचा वेळ गेला आणि वर आपल्याला गणित येत नाही असं त्याला वाटायला लागलं ते वेगळंच.

म्हणूनच लेखी पेपर एकटा पुरत नाही. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलंय आणि आपल्या राज्यात त्याचे दोन भाग केले, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, छोटी चाचणी वगैरे, आणि संकलित म्हणजे सत्र संपल्यावरची परीक्षा. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे आणि ३० संकलितचे, मग हळूहळू उलटं होत सातवी-आठवीला ४० आणि ६०. लूमवर काम करणाऱ्यांना हे सांगायलाच नको, धागा तुटला की तिथंच मशीन थांबवून गाठ मारायची असते, चादर उतरल्यावर दोष दिसून काय उपयोग. आकारिकचा हेतू हाच आहे. पण खरं सांगते, वर्णनात्मक नोंदी, म्हणजे शिक्षकानं प्रत्येक पोराबद्दल शब्दांत लिहायचं ते, त्यांच्या तयार पीडीएफ फिरतात आणि बऱ्याच वह्यांत सगळ्या पोरांपुढं तेच वाक्य असतं, त्या नोंदीतनं त्या पोराबद्दल काहीच कळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोष फक्त शिक्षकांचा नाहीये. अलीकडं राज्याच्या नियतकालिक चाचण्या आल्यात, सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन, भाषा, गणित, इंग्रजीच्या, आणि त्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राकडं, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राकडं, ऑनलाइन भरायचे. कल्पना चांगली आहे, कुठल्या तालुक्यात काय कमी पडतंय ते वर कळतं. पण पेपर घ्या, तपासा, एकेकाचे गुण भरा, तोवर पुढचा धडा डोक्यावर, आणि पेपरांचा गठ्ठा कपाटात. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक चाचणीनंतर दोन दिवस नुसते पेपर पोरांपुढं उघडून बोलण्यासाठी ठेवावेत, वेळापत्रकातच लिहून, आणि त्यासाठी एखादी चाचणी कमी झाली तरी चालेल.

पेपरात बातमी येते तो राष्ट्रीय सर्वेक्षणाचा रिझल्ट वेगळा. ४ डिसेंबर २०२४ ला परख सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, ते निवडक शाळांत होतं आणि त्यातनं जिल्ह्याचं चित्र दिसतं, तुमच्या पोराचं नाही. आणि पाचवी-आठवीच्या परीक्षेची ज्यांना धास्ती आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा की नापास झाल्यावर पोराला जादा शिकवणी द्यायची आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची असं कायद्यातच आहे, आणि आठवी होईपर्यंत कुणाला शाळेतनं काढता येत नाही. ती दोन महिन्यांची मुदत नीट वापरायची तर पोराचं नेमकं काय चुकलं ते माहीत पाहिजे, विषयाचं नाव सांगून भागत नाही.

तर पालकांनो, प्रगतिपुस्तकावर सही करायला जाल तेव्हा बाईंकडं, गुरुजींकडं पेपर बघायला मागा. संकोच करू नका, आम्हाला बरंच वाटतं. चुकलेलं एक उत्तर निवडा आणि घरी पोराला शांतपणे विचारा, हे कसं केलंस ते मला सांग. रागावू नका, मधे बोलू नका. तुम्हाला स्वतःला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं, तेलुगूत विचारा, कन्नडात विचारा, उर्दूत विचारा, आणि पोरगं जे सांगेल ते दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन आम्हाला सांगा, फोन केलात तरी चालेल.