मुलगा सनीव्हेलला, आई-बाबा सहा महिने घरात: सिलिकॉन व्हॅलीतली कुठली म्युझियमं बघाल?

(कॅमेऱ्यासमोर, खळ्यात बसून)

नमस्कार मंडळी! कुडाळहून बोलतेय.

आपल्या चॅनेलवर एक प्रश्न सारखा येतो आणि तो विचारणारी माणसंही ठरलेली आहेत. देवगड, राजापूर, गुहागर, चिपळूणकडचे साठीच्या आसपासचे आई-बाबा. लेक नाहीतर सून तिकडे कॅलिफोर्नियात, बाळंतपण जवळ आलंय, व्हिसा झाला, तिकीट झालं, बॅगेत कुळथाचं पीठ आणि कोकमं भरून झाली. आता प्रश्न एवढाच, की तिकडे सहा महिने करायचं काय?

शनिवार-रविवारी मुलं फिरवतात हो. पण फिरवतात कुठे? गुगलच्या आवारात त्या हिरव्या पुतळ्याशेजारी फोटो, अ‍ॅपलच्या व्हिजिटर सेंटरमध्ये कॉफी, मग एखाद्या कंपनीच्या पाटीखाली उभं राहून अजून एक फोटो. खरं सांगू? त्या पाट्यांमध्ये काही नाही. फाटकाच्या आत तुम्हाला कोणी घेत नाही आणि बाहेरून बघितली तर ती नुसती ऑफिसं. त्याच रस्त्यांवर म्युझियमं मात्र अशी आहेत, की इंजिनीअर नसलेल्या माणसाचाही दिवस मजेत जावा. मी भावाकडे गेले होते आईला घेऊन, तेव्हा यातली बरीचशी पायाखाली घातली. त्यातलं कुठलं वेळ काढून बघायचं आणि कुठलं सोडलं तरी चालेल, ते सांगते.

(स्क्रीनवर नकाशा)

आधी जागा समजून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोहून खाली दक्षिणेला निघालं की पालो अल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सांता क्लारा आणि मग सॅन होजे. स्पेलिंग बघून सॅन जोस म्हणू नका, भाची हसते. ही सगळी गावं कॅलट्रेन नावाच्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सप्टेंबर 2024 पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात, डबे स्वच्छ असतात. मुलांनी एकदा तिकीट काढायला शिकवलं की दोघांनी मिळून जाता येतं. सोमवार-मंगळवारी मात्र बरीच म्युझियमं बंद असतात, वेबसाइट बघितल्याशिवाय घर सोडू नका.

आता पहिलं नाव तुम्हाला मुलंच सांगतील: माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम. बाबा लोक लगेच तयार होतात, आया म्हणतात, मला काय कळणार त्यातलं. तर आयांनो, तुम्ही जा. फक्त काचेतल्या पेट्या वाचत बसू नका, वाचून वाचून डोकं उठतं. आधी चौकशी करा, आयबीएम 1401 नावाच्या जुन्या कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक कधी आहे, आणि त्याच वेळेला पोहोचा.

हे मशीन 1959 साली बाजारात आलं. कपाटांएवढ्या पेट्या, त्यातून निघालेल्या जाड केबली, आणि एक प्रिंटर जो मिनिटाला सहाशे ओळी छापतो. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. म्युझियमने अशी दोन मशीनं मिळवली, एक जर्मनीतून आणि एक कनेक्टिकटमधून, आणि निवृत्त इंजिनीअरांनी वर्षानुवर्षं खपून ती चालू केली. प्रात्यक्षिक दाखवणारी माणसंही तीच. यातल्या काहींनी तरुणपणी याच मशीनवर पोटं भरलीत. हे आजोबा बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि समोर कोणी इंग्रजी कमी जाणणारी बाई असली तर जास्त खुलतात, हा माझा अनुभव.

(हातात कार्ड धरून)

हे बघा, हे तिथलं पंचकार्ड. यावर भोकं पाडून त्या मशीनला माहिती द्यायचे. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, लांबट. याच्यावर ऐंशी उभे रकाने आहेत आणि बारा आडव्या ओळी. एका रकान्यात एक अक्षर. कार्ड पाडायचं मशीन टाइपरायटरसारखं दिसतं, तिथे आईला बसवलं आणि म्हणाले, तुमचं नाव टाइप करा. तिने एकेक कळ दाबली आणि दर कळीला खट्ट करून भोकं पडत गेली. जवळ आणते, दिसतंय? प्रत्येक अक्षराला दोन भोकं आहेत. आकडा असता तर एकच पडलं असतं. वरचं भोक सांगतं की वर्णमालेचा कुठला तुकडा, खालचं सांगतं त्या तुकड्यातलं कितवं अक्षर. ए ते आय एक तुकडा, जे ते आर दुसरा, एस ते झेड तिसरा. बस्स. कॉम्प्युटर म्हणजे काय हे भावाने आईला आजवर अनेकदा समजावलं असेल, तिला कळलं ते या कार्डावर. मग म्हणाली, म्हणजे चूक झाली तर खोडता यायची नाही? आजोबा खूश! म्हणाले, नाही, कार्ड फेकायचं आणि नवं घ्यायचं.

बाकी तिथे 1890 सालच्या अमेरिकेच्या जनगणनेत वापरलेल्या, कार्डावरची भोकं मोजणाऱ्या होलेरिथ मशीनची कहाणी आहे, 1976 चा क्रे-1 सुपरकॉम्प्युटर आहे, ज्याच्याभोवती चक्क गोल बाकडं केलंय आणि बाकड्याच्या आत विजेचा पुरवठा. हनीवेलचा किचन कॉम्प्युटर तर बघाच. 1969 साली एका महागड्या दुकानाने बायकांना पाककृती सांगायला म्हणून दहा हजार डॉलरच्या वर किमतीला जाहिरातीत काढला होता. भाजी चिरायला फळी जोडलेली! ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने आयुष्यात कधी फोडणी दिली नसणार.

पालो अल्टोत 367 अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला एक गॅरेज आहे. एचपी कंपनीवाल्या ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी 1938-39 मध्ये तिथे काम सुरू केलं, म्हणून त्याला सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणतात, बाहेर तशी पाटी आहे. आत जाता येत नाही, फूटपाथवरूनच बघायचं. पाच मिनिटांचं काम. त्या बाजूला गेलात तर बघा, मुद्दाम जाऊ नका.

(थोडं पुढे सरकून)

आता मला ज्यासाठी हा व्हिडिओ करायचा होता ते. कॉम्प्युटरच्या आत बसते ती सिलिकॉनची चिप यायच्या आधी या खोऱ्यात काय होतं? बागा! जर्दाळू, आलुबुखार, चेरी. या खोऱ्याचं जुनं टोपणनावच होतं व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट. जगातल्या सगळ्यात मोठ्या फळप्रक्रिया केंद्रांपैकी हे एक होतं. सिलिकॉन व्हॅली हे नाव छापून आलं 1971 साली, डॉन होफ्लर नावाच्या पत्रकाराच्या लेखात. म्हणजे माझ्या आईच्या हयातीत.

आणि बागेची गोष्ट कोकणातल्या माणसाला कोणी समजावायची गरज नाही. सॅन होजेत लुई पेलिये नावाचा एक फ्रेंच माणूस होता. सोन्याच्या शोधात आला आणि रोपवाटिका काढून बसला. त्याच्या भावाने 1856 मध्ये फ्रान्सहून आलुबुखाराच्या काड्या आणल्या. बोटीवर त्या सुकू नयेत म्हणून बटाट्यांत खोचून आणल्या अशी कथा तिकडे सांगतात. इथे आणून जंगली प्लमच्या खुंटावर कलमं बांधली आणि त्यातून सगळा धंदा उभा राहिला. सुकवलेलं आलुबुखार जहाजाने जगभर जायला लागलं.

हे बघायला माउंटन व्ह्यूच्या शेजारच्या लॉस अल्टोस गावातल्या हिस्टरी म्युझियममध्ये जा. प्रवेश फुकट आहे. आवारात स्मिथ नावाच्या बागायतदाराचं 1905 सालचं लाकडी घर आहे, आणि बाजूलाच शहराने राखून ठेवलेली जर्दाळूंची बाग, तीसुद्धा वाचनालय आणि सरकारी कचेऱ्यांच्या मधोमध. सनीव्हेलमध्येही हेरिटेज पार्क म्युझियमला लागून अशीच बाग आहे, साधारण दहा एकर. तुमचा मुलगा सनीव्हेलमध्ये राहत असेल तर बहुतेक त्या बागेवरून रोज गाडीने जात असेल, आणि त्याला विचाराल तर सांगेल, हो, काहीतरी झाडं आहेत तिथे.

बागेतल्या प्रदर्शनात जर्दाळू वाळवायची रीत दाखवलीय. जून-जुलैत फळ पिकलं की शेडमध्ये बायका आणि पोरं ओळीने उभी. सुरीने फळाची चीर, दोन भकलं, बी बाजूला, आणि भकलं लाकडी तबकांवर उताणी मांडायची. पालथी पडली तर रस गळून जातो. पेटीमागे पैसे मिळायचे, म्हणून हात भराभर चालायचे. मग ती तबकं बंद खोलीत ठेवून रात्रभर गंधकाचा धूर द्यायचा, त्याने रंग केशरी राहतो आणि कीड लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून उघड्यावर उन्हात. त्या तबकांचा फोटो बघून आई मोठ्याने म्हणाली, "गो, ही तर आपली सोलां!" अगदी तसंच दिसतं ते, खळ्यात पसरलेली कोकमं जशी. फरक एवढाच की तिकडे उन्हाळ्यात पाऊस येत नाही, त्यामुळे ढग बघून तबकं उचलायची पळापळ त्यांना करावी लागली नाही.

मग बागा गेल्या कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं आली, घरं आली, महामार्ग आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. जर्दाळूच्या उत्पन्नातून त्या जमिनीचा कर भरणंही जड जायला लागलं. झाडं उपटली आणि तिथे कारखाने उभे राहिले. आणि इथे माझी एक तक्रार आहे. चिप बनवायला जी द्रावणं वापरायचे ती जमिनीखालच्या टाक्यांमधून झिरपली, विहिरींच्या पाण्यात गेली. 1980 च्या सुमारास हे उघड झालं. अमेरिकेत सरकारी देखरेखीखाली साफ कराव्या लागणाऱ्या विषारी जागांची जी सुपरफंड यादी आहे, तिच्यात सगळ्यात जास्त जागा असलेला परगणा हाच, सांता क्लारा. चकचकीत दालनांमध्ये या गोष्टीला मला तरी फारशी जागा दिसली नाही. तुम्ही गेलात तर त्या इंजिनीअर आजोबांना विचारा. बोलतात, प्रामाणिकपणे बोलतात.

(वेगाने)

बरं, आता बाकीची. स्टॅनफर्ड विद्यापीठात कँटर आर्ट सेंटर, तेही फुकट. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या शिल्पांचा पॅरिसबाहेरचा मोठा संग्रह तिथे आहे आणि त्यातली बरीच शिल्पं उघड्यावर बागेत आहेत, नातवंडाची बाबागाडी घेऊनही फिरता येतं. हे विद्यापीठ आणि म्युझियम स्टॅनफर्ड पतिपत्नींनी काढलं ते त्यांचा एकुलता एक मुलगा 1884 मध्ये पंधराव्या वर्षी विषमज्वराने गेला म्हणून. त्या मुलाला वस्तू जमवायचा नाद होता. आई तिथे बराच वेळ गप्प होती, मी मुद्दाम काही बोलले नाही.

सॅन होजेत रोझिक्रूशियन इजिप्शियन म्युझियम आहे. चिपच्या गावात ममी कशा, असं वाटेल, पण चार हजारांच्या वर वस्तू आहेत आणि थडग्याची एक प्रतिकृती आहे जिच्या आत उतरता येतं. मुलांना प्रचंड आवडतं. जपानटाउनमध्ये जपानी-अमेरिकन लोकांचं छोटं म्युझियम आहे. या खोऱ्यात शेती करणाऱ्या जपानी कुटुंबांना दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकन सरकारने घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं होतं, त्या बराकीतली एक खोली तिथे जशीच्या तशी उभी केलीय. परक्या मुलखात राहणाऱ्या मुलाच्या आई-बापांनी ती खोली बघावी असं मला मनापासून वाटतं. गोधड्यांची आवड असेल तर फक्त क्विल्ट आणि कापडासाठी 1977 मध्ये सुरू झालेली संस्थाही याच शहरातली. काय प्रदर्शन चालू आहे ते आधी बघून घ्या.

द टेक इंटरअ‍ॅक्टिव्ह नावाची आंब्याच्या रंगाची इमारत सॅन होजेच्या मध्यावर आहे. ही उपमा माझी नाही, तिकडचे लोकच तिला मँगो रंगाची म्हणतात. मेक्सिकन वास्तुकार रिकार्डो लेगोरेटाने ती बांधली, 1998 मध्ये उघडली. मुलांसाठी उत्तम, मोठ्यांना दोन तासांत कंटाळा. भूकंपाचे धक्के अनुभवायला देणारा चौथरा तिथे प्रसिद्ध आहे. चिपळूण-पोफळीकडच्या ज्यांनी 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिलाय, त्यांनी त्यावर चढायची हौस करू नये. नातवाला चढवा.

सॅन होजेतल्या विंचेस्टर मिस्टरी हाउस नावाच्या जुन्या, प्रचंड वाड्याबद्दल सगळे विचारतात. तिकीट महाग, चालणं आणि जिने भरपूर, भुताखेताच्या गोष्टी पुष्कळ. गुडघे दुखत असतील तर सोडा.

(कॅमेऱ्याजवळ येऊन)

आता कामाचं. पासष्टीच्या पुढच्यांना तिकिटात बहुतेक ठिकाणी सवलत आहे, वय दाखवायला काहीतरी जवळ ठेवा, पासपोर्टची फोटोकॉपी काढून ठेवली तर मूळ पासपोर्ट घरी राहतो. आत एसी मरणाचा असतो, शाल घ्या. काही शहरं फुकट शटल बस चालवतात, माउंटन व्ह्यूची आहे, तिचा मार्ग मुलाकडून मोबाइलमध्ये टाकून घ्या. आणि जूनच्या शेवटी तिकडे असाल तर घराजवळच्या शेतकरी बाजारात ब्लेनहाइम जातीचे जर्दाळू आलेत का विचारा. दिसायला लहान, जरा मऊ, लवकर खराब होतात म्हणून मोठ्या दुकानात सहसा दिसत नाहीत. चव मात्र अशी की आमच्या आईने हापूस सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या कुठल्या फळाला बरं म्हटलं.

तुमचं कुणी लॉस अल्टोस किंवा सनीव्हेलकडे असेल आणि बागेत फळ काढायचं काम चालू असेल, तर व्हिडिओ काढून मला पाठवा, इथे सगळ्यांना दाखवू. पुढच्या भागात कॅलट्रेनचं तिकीट मोबाइलवरून कसं काढायचं ते दाखवते, भावाला स्क्रीन रेकॉर्ड करायला सांगितलंय. तो कधी पाठवतो बघू!