नजर टेकली, पण क्लिक का नाही?

...तर वेबसाइट वापरण्याचं कौशल्य नजरेवरून मोजायला जे मशीन वापरतात, आय-ट्रॅकर, ते म्हणजे स्क्रीनखाली लावलेली एक पट्टी. ती डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकते, आणि त्याची चमक कुठे पडली, बाहुली कुठे आहे, यावरून नजरेचा ठिकाणा काढते. आता सुखाचे दिवस आहेत हो, सोव्हिएत रशियातले यार्बस नावाचे संशोधक डोळ्यालाच छोटी वाटी चिकटवायचे! (हशा) हसू नका, त्या माणसाने मोठं काम केलंय. रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र दाखवलं, यातल्या लोकांची वयं सांग म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, घरची परिस्थिती सांग म्हटलं की कपड्यांवर, फर्निचरवर. चित्र तेच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल, वेळ उरला तर.

आमच्या आत्याला मी अशा मशीनसमोर बसवलं होतं. वय सत्तरच्या पुढे, व्हॉट्सॲपवर माझ्यापेक्षा फास्ट. काम काय, तर घरपट्टी भरायची. कुठली साइट ते सांगत नाही, मला अजून त्याच गावात राहायचंय. वर सरकती पट्टी, खाली लाल रंगात लुकलुकणारं ‘नवीन’, आणि ते नवीन म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं टेंडर! फोटो कोणाकोणाचे आहेत ते तुम्हाला माहितीये. आणि ‘कर भरा’ उजवीकडे कोपऱ्यात, पिवळ्याधमक चौकटीत.

आत्याची नजर त्या चौकटीवर गेली, चांगली टेकली, आणि निघून गेली. मग मेनू, मग परत सरकती पट्टी, मग ‘संपर्क’. रिपोर्टमध्ये काय येणार? कौशल्य कमी. मी विचारलं, आत्या, ते पिवळं दिसलं नाही का गं? म्हणाली, “दिसलं की. जाहिरात वाटली. असल्यावर बोट लावलं की खात्यातले पैसे जातात, पेपरात रोज येतंय, तू वाचत नाहीस का?”

आता बोला, कौशल्य कोणाचं कमी? बाईने बरोब्बर तेच केलं जे आपण बँकेच्या मेसेजमधून तिला शिकवतोय. आणि मला राग याचा येतो की मार्क माणसाला देतात, पानाला कोणीच देत नाही.

हो हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. मूळ विषयच राहिला, घाईत सांगतो.

नुसता हीटमॅप, म्हणजे नजर जिथे जास्त टेकली तिथे लाल डाग दाखवणारं चित्र, बघून कौशल्य ठरवू नका. बराच वेळ टेकलेली नजर म्हणजे रस घेऊन वाचतोय किंवा पार गोंधळलाय, डाग दोन्हीचा लालच. त्यापेक्षा योग्य लिंकवर पहिल्यांदा नजर जायला किती वेळ लागला आणि तिथून क्लिक करायला किती, हे वेगवेगळं मोजा. पहिला वेळ मोठा असेल तर शोधण्यात अडचण, दुसरा मोठा असेल तर समजण्यात नाहीतर विश्वासात, आत्यासारखी. काम बदलून तेच पान परत द्या, म्हणजे यार्बस आले बघा. आणि नजरेचं रेकॉर्डिंग त्याच माणसाला दाखवून विचारा, इथे थांबलात तेव्हा मनात काय होतं.

अजून एक, नजरेचा कोन मोजताना मशीनची एका अंशाची चूक झाली तर साठ सेंटिमीटरवरून स्क्रीनवर साधारण एक सेंटिमीटर फरक पडतो, म्हणजे चिकटून असलेल्या दोन मेनूंपैकी कुठला बघितला ते सांगता येत नाही, तरी लोक छातीठोक सांगतात! आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेतून दिसणारा, असला की मशीन गडबडतं, मग तो डेटा टाकून देतात, म्हणजे आत्याच्या वयाच्या ज्या लोकांसाठी टेस्ट करायची तेच बाहेर. यावर खरं तर अर्धा तास बोलणार होतो. असो, प्रश्न घेऊ या. मागे कोणीतरी हात वर केलाय...