एका रात्री दोन विजेते : बान्या लुकाच्या मतपेटीची गोष्ट

(दृश्य : रात्रीची बान्या लुका. व्हर्बास नदीवरचा पूल, मागे जुन्या कास्तेल किल्ल्याची भिंत.)

2 ऑक्टोबर 2022, रविवार. संध्याकाळी 7 ला मतदान बंद झालं, शाळांमधल्या वर्गांना आतून कड्या लागल्या, पेट्या टेबलावर उपड्या झाल्या आणि हातानं मोजणी सुरू झाली. इथे मशीन नाही, कागदच. आणि त्याच रात्री, मोजणी धड संपलेलीही नसताना, या शहरात दोन जणांनी आपण जिंकलो म्हणून जाहीर केलं. एक येलेना त्रिविच, युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवणारी, विरोधी पक्षांची उमेदवार. दुसरा मिलोराड डोडिक, इथल्या राजकारणात कित्येक वर्षं ज्याच्याशिवाय पान हलत नाही असा माणूस. दोन्हीकडे जल्लोष, दोन्हीकडे झेंडे, आणि खुर्ची एकच.

ही खुर्ची कुठली, ते आधी नीट समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

बोस्निया आणि हर्झेगोविना हा एक देश, पण आतून दोन भागांत वाटलेला. एक भाग फेडरेशन, तिथे मुख्यतः बोस्नियाक म्हणजे बोस्नियाचे मुस्लिम आणि क्रोएट लोक. दुसरा भाग रेपुब्लिका स्रप्स्का, तिथे बहुसंख्य सर्ब. बान्या लुका याच भागातलं मुख्य शहर, आणि ती खुर्ची याच भागाच्या प्रेसिडेंटची. (शेजारचा सर्बिया हा वेगळा देश, त्याची गल्लत करू नका.) शिवाय ब्रच्को नावाचा एक छोटा जिल्हा या दोघांच्या मधे. ही वाटणी झाली या तीन समाजांमधलं युद्ध थांबवण्यासाठी, 1995 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर, नेत्यांना तीन आठवडे एका जागी बसवून. जमीन साधारण 51 टक्के आणि 49 टक्के अशी वाटली गेली. त्या कराराला जोडलेल्या एका परिशिष्टातच देशाची राज्यघटना आहे, आणि ती आजही तीच चालू आहे.

म्हणजे युद्ध थांबवायला केलेली तडजोड हीच पुढे लोकशाहीची चौकट झाली. मला वाटतं ही सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, बाकी मी फक्त उलगडून सांगतोय.

तर 2022 ला रेपुब्लिका स्रप्स्कातल्या मतदाराच्या हातात चार मतपत्रिका आल्या. एक देशाच्या तीन जणांच्या अध्यक्षमंडळातल्या सर्ब सदस्यासाठी, एक राजधानी साराएवोतल्या देशाच्या संसदेसाठी, एक रेपुब्लिका स्रप्स्काच्या प्रेसिडेंटसाठी आणि एक तिथल्या 83 जागांच्या नॅशनल असेंब्लीसाठी. प्रेसिडेंटच्या निवडणुकीत दुसरी फेरी नसते, ज्याला जास्त मतं तो प्रेसिडेंट, आणि बाकीच्या दोन समाजांतून, म्हणजे बोस्नियाक आणि क्रोएट उमेदवारांतून, ज्यांना सर्वात जास्त ते दोन उपाध्यक्ष. सगळे एकाच यादीत. कागदावर छान दिसतं, तिन्ही समाज एका खोलीत.

पण अध्यक्षमंडळाची मतपत्रिका हातात घेतली की खरं चित्र दिसतं. तिथे रेपुब्लिका स्रप्स्कातून फक्त सर्ब माणूसच उभा राहू शकतो. तुम्ही स्रेब्रेनित्सात राहणारे बोस्नियाक असाल, म्हणजे जिथे जुलै 1995 मधे 8 हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले त्या गावात परत येऊन घर बांधून राहिलेले असाल, तर तुम्हाला मत द्यायचं तर सर्ब सदस्यालाच, आणि स्वतः उभं राहायचं तर जमणारच नाही. इलियाझ पिलाव म्हणून डॉक्टर आहेत, स्रेब्रेनित्साचे, वेढ्याच्या काळात तिथेच जखमींवर उपचार करत होते, ते याच मुद्द्यावर युरोपच्या मानवाधिकार कोर्टात गेले आणि 2016 ला जिंकले. त्याआधी 2009 मधे डेर्वो सेयदिच आणि याकोब फिन्ची जिंकले होते, एक रोमा समाजाचे, एक ज्यू, हे दोघे तर देशात कुठेही राहिले तरी त्या पदासाठी उभे राहू शकत नाहीत कारण ते तिघांपैकी कुठल्याच समाजाचे नाहीत. 2020 ला उलट्या बाजूची केस, फेडरेशनमधे राहणारे सर्ब, स्वेतोझार पुदारिच, तेही जिंकले. कोर्टात सगळे जिंकले. 2022 च्या मतपत्रिकेत मात्र काहीच बदललं नव्हतं. हे वाचताना मला फार राग आला होता, अजून येतो.

(दृश्य : जुनं फुटेज. 1997, रस्त्यावर नाटोच्या सैनिकांच्या गाड्या.)

आता थोडं मागे जाऊ, कारण डोडिक हा माणूस कुठून आला हे कळल्याशिवाय 2022 कळणार नाही.

1997. युद्धाच्या काळातला बोस्नियातल्या सर्बांचा नेता राडोवान कराजिच अधिकृतरीत्या पायउतार झालेला, पण पाले नावाच्या डोंगरातल्या गावातून त्याची माणसं अजून सूत्रं हलवतायत. प्रेसिडेंट आहेत बिल्याना प्लावशिच, त्याच्याच जुन्या सहकारी, आणि आता त्यांचंच त्याच्याशी बिनसलंय. त्यांनी असेंब्ली बरखास्त केली, पालेवाल्यांनी ते मानलं नाही, एकाच छोट्या प्रदेशात दोन सत्ताकेंद्रं, एक बान्या लुकात आणि एक पालेत, टीव्हीसुद्धा दोन वेगळे, शेवटी नाटोच्या सैनिकांनी टीव्हीचे ट्रान्समीटर ताब्यात घेतले. नोव्हेंबरात असेंब्लीची मुदतपूर्व निवडणूक झाली, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या देखरेखीखाली. कराजिचनं स्थापलेल्या एसडीएस पक्षाला 24 जागा, कट्टर रॅडिकल पक्षाला 15, म्हणजे दोघांच्या मिळून 39, आणि बहुमताला लागतात 42.

तिथे एक गोष्ट झाली ती आजही तिथले लोक सांगतात. युद्धात हाकलले गेलेले बोस्नियाक आणि क्रोएट लोक, जे फेडरेशनमधे किंवा परदेशात निर्वासित होते, त्यांनी आपल्या जुन्या गावांच्या नावावर मतदान केलं आणि त्यांचे 16 प्रतिनिधी या सर्ब असेंब्लीत निवडून आले. ज्यांना घरातून काढलं त्यांची मतं परत आली, माणसं यायच्या आधी. त्याच मतांच्या जोरावर जानेवारी 1998 मधे एक तरुण, पाश्चात्त्य देशांना आवडणारा, कराजिचचा विरोधक पंतप्रधान झाला. त्याच्या स्वतःच्या पक्षाचे असेंब्लीत फक्त 2 जण. नाव मिलोराड डोडिक.

हो, तोच. बोस्नियाक प्रतिनिधींच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झालेला माणूस पुढे बोस्नियापासून वेगळं होण्याची भाषा करायला लागला, आणि स्रेब्रेनित्सात झालेल्याला नरसंहार म्हणायला नकार देऊ लागला. असा माणूस एका रात्रीत बदलत नाही, त्याला कळलं की या चौकटीत मतं कशावर मिळतात. वीज, पगार, दवाखाना यावर बोलणाऱ्याला जेवढी मिळतात त्याहून जास्त, आपलं अस्तित्व धोक्यात आहे म्हणणाऱ्याला मिळतात. मी त्याला सूट देत नाहीये, जबाबदारी त्याचीच आहे, पण ते गणित त्याच्या आधीपासून तिथे मांडलेलं होतं.

1998 च्या सप्टेंबरात प्रेसिडेंटची निवडणूक झाली, प्लावशिच हरल्या, रॅडिकल पक्षाचे निकोला पोप्लाशेन जिंकले. सहा महिन्यांत, 5 मार्च 1999 ला, त्यांना पदावरून काढलं. मतदारांनी नाही, कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी. हे कोण, तर हाय रिप्रेझेंटेटिव्ह, डेटन कराराची अंमलबजावणी बघायला बसवलेला परदेशी अधिकारी, ज्याला कायदे लादायचा आणि निवडून आलेल्यांना काढायचा अधिकार आहे. पोप्लाशेन डोडिकला बाजूला करून दुसरा पंतप्रधान आणायला बघत होते, त्यावरून वाद पेटला. पोप्लाशेनची धोरणं मला अजिबात पटत नाहीत. तरीपण सामान्य मतदाराच्या जागी उभं राहून बघा, रांगेत उभं राहून मत दिलं, निकाल लागला, आणि साराएवोतल्या एका ऑफिसातून एक कागद निघाला नि संपलं. पुढे जवळजवळ वर्षभर प्रेसिडेंटची खुर्ची रिकामीच होती.

(दृश्य : शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, पुठ्ठ्याचे आडोसे.)

आता मतदान केंद्रात येऊ. इथली खरी लढाई भाषणांत नाही, या टेबलाभोवती असते.

प्रत्येक केंद्रावर एक छोटी समिती असते, तिथे तिला बिराच्की ओडबोर म्हणतात. त्यातल्या जागा निवडणूक लढवणाऱ्या पक्षांना मिळतात, जेणेकरून सगळे एकमेकांवर नजर ठेवतील. कल्पना चांगली आहे. पण होतं काय, की ज्यांना निवडून यायचंच नाही असे बारीकसारीक पक्ष नोंदणी करतात, जागा मिळवतात आणि त्या मोठ्या पक्षाला देऊन टाकतात, तिथे याला सरळ जागांचा व्यापार असंच नाव आहे. मग टेबलाभोवती पाच वेगवेगळ्या पक्षांचे बिल्ले आणि पाचही माणसं एकाचीच. रात्री कोऱ्या राहिलेल्या मतपत्रिकेवर कोण खूण करतंय हे बघणारं कोणी उरत नाही.

दुसरा प्रकार त्याहून साधा. बल्गेरियन ट्रेन म्हणतात त्याला. पहिला माणूस आत जातो, कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणतो. बाहेर थांबलेला पक्षाचा माणूस ती भरतो. पुढचा मतदार ती भरलेली आत नेतो, ती पेटीत टाकतो, आणि त्याला मिळालेली कोरी बाहेर आणून देतो. मग तिसरा, मग चौथा, डबे जोडत जावेत तशी दिवसभर गाडी चालते. धमकी द्यायची गरज पडत नाही, मत कुणाला गेलं याचा पुरावा हातात असतो.

लोक का तयार होतात? जिथे सरकारी नोकरी हाच भरवशाचा पगार, शाळेतली, दवाखान्यातली, जंगल खात्यातली, वीज कंपनीतली, आणि ती नोकरी पक्षाच्या ओळखीवर लागते, तिथे घरातल्या एकाला नोकरी म्हणजे घरातली चार मतं पक्षाच्या वहीत. त्यांना तिथे पक्की मतं म्हणतात आणि मतदानाच्या दिवशी दुपारपासून फोन येतात, तुमच्याकडचे अजून आले नाहीत. ज्यांना हे नको असतं ते भांडत बसत नाहीत, जर्मनीची, ऑस्ट्रियाची, स्लोव्हेनियाची बस पकडतात. म्हणजे जी पोरं विरोधात मत देतील तीच गावात नाहीत. बाहेरून लोक म्हणतात, हे बाल्कनवाले द्वेषानं मतदान करतात. काही जण करत असतील. पण शाळेतल्या शिपायाची नोकरी टिकवायला मत देणाऱ्या बाईला द्वेष करणारी म्हणणं हा अन्याय आहे, आणि बाहेरचे लोक तो सर्रास करतात.

तर परत 2022.

प्राथमिक निकालात डोडिक पुढे. विरोधक म्हणाले मतं चोरली. 6 ऑक्टोबरला बान्या लुकाच्या मुख्य चौकात, त्र्ग क्रायिनेवर, हजारो लोक जमले. बहुतेक सर्बच होते हे लक्षात घ्या, सर्ब लोक सर्ब नेत्याविरुद्ध, मुद्दा समाजाचा नाही, मोजणीचा. 10 ऑक्टोबरला साराएवोतल्या केंद्रीय निवडणूक आयोगानं प्रेसिडेंटच्या सगळ्या मतपत्रिका पुन्हा मोजायचा आदेश दिला. रेपुब्लिका स्रप्स्काभरातून पोती साराएवोला आली, एकेक उघडली, मोजली. महिना संपता संपता, 27 तारखेला, आयोगानं जाहीर केलं की गडबडी सापडल्या, पण निकाल उलटेल एवढ्या नाहीत. डोडिकला साधारण 47 टक्के, त्रिविचना साधारण 43. फरक 27 हजारांच्या आसपास. असेंब्लीत डोडिकच्या पक्षाला 83 पैकी 29 जागा, मित्रपक्षांना घेऊन सरकार झालं. आणि अध्यक्षमंडळावर त्याच्याच पक्षाच्या झेल्का त्स्वियानोविच गेल्या, त्या पदावर बसणारी पहिली बाई.

एक अजून, त्याच 2 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मतदान संपल्यावर लगेच, तेव्हाचे हाय रिप्रेझेंटेटिव्ह ख्रिस्तियान श्मिट यांनी फेडरेशनच्या वरिष्ठ सभागृहाच्या रचनेचे नियमच बदलले. पेट्या उघडल्या जातायत आणि नियम बदलतायत. हेतू कितीही चांगला असू दे, मतदाराला यातून काय कळलं असेल?

पुढचं सगळं वेगानं झालं. 2023 च्या उन्हाळ्यात असेंब्लीनं कायदे केले की देशाच्या घटना कोर्टाचे निर्णय आम्ही मानणार नाही, श्मिटचे निर्णय छापणार नाही. श्मिटनी ते रद्द केले, डोडिकनी तरीही सही केली. त्यावरून केस झाली, 26 फेब्रुवारी 2025 ला शिक्षा, एक वर्ष कैद आणि सहा वर्षं राजकारणातून बंदी, ऑगस्टमधे अपील फेटाळलं, कैदेच्या जागी दंड भरला गेला, आणि निवडणूक आयोगानं प्रेसिडेंटपद काढून घेतलं. यावेळी कोर्ट होतं, सुनावणी होती, वकील होते, म्हणून 1999 पेक्षा हे मला जास्त योग्य वाटतं. पण गावात बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, आमचा माणूस साराएवोनं काढला.

(दृश्य : रिकामा मतदान वर्ग, टेबलामागे समितीची माणसं.)

23 नोव्हेंबर 2025. मुदतपूर्व निवडणूक, फक्त प्रेसिडेंटसाठी. डोडिकच्या पक्षाकडून सिनिशा कारान, समोर एसडीएसचे ब्रान्को ब्लानुशा, हे पण प्रोफेसर. मतदान साधारण 36 टक्के, शंभरातले 64 जण आलेच नाहीत. कारान पुढे, पण 10 हजारांपेक्षा कमी फरकानं. परत तक्रारी, परत पोती, आणि यावेळी आयोगानं शंभराहून जास्त केंद्रांवरचं मतदान रद्दच केलं, फेब्रुवारी 2026 मधे तिथल्या लोकांना थंडीत परत त्याच शाळांमधे बोलावलं. कारान पुढेच राहिले.

आणि हे पद किती दिवसांचं? बोस्नियात सार्वत्रिक निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते, 2022 नंतरची 2026 ला. एका वर्षापेक्षाही कमी काळाच्या खुर्चीसाठी दोनदा मतदान. 2024 पासून नियम केलाय की केंद्रप्रमुख पक्षाचा नसेल, आयोगानं नेमलेला असेल, बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवायची आणि मतपत्रिका स्कॅन करायची मशिन्स आणायची. मशीन आलं की बल्गेरियन ट्रेन अवघड होईल, मृतांच्या नावावरची मतं थांबतील, हे खरंच मोठं काम आहे आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं केंद्रांवर निरीक्षक म्हणून रात्री जागवल्या त्या तरुण मुलामुलींचं ते श्रेय आहे.

पण स्रेब्रेनित्सातला बोस्नियाक मतदार त्या नव्या मशीनवर बोट ठेवेल, मशीन त्याला बरोबर ओळखेल, आणि अध्यक्षमंडळाची मतपत्रिका त्याच्या हातात पडेल तेव्हा त्यावर नावं सर्ब उमेदवारांचीच असतील.

(दृश्य : फेरहादिया मशीद, 1993 ला उडवलेली, 2016 ला पुन्हा उभी राहिलेली. पलीकडे ऑर्थोडॉक्स कॅथीड्रलचा सोनेरी घुमट. दोन्ही एकाच फ्रेममधे. आवाज बंद.)